उडती तबकडी, चकाकती तबकडी

आमच्या बौद्धवाडीच्या विहारात एक लोखंडी ट्रंक आहे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा विहाराचे अकरा पत्रे उडाले आणि ट्रंकेवर रात्रभर पाऊस पडला. दुसऱ्या दिवशी आम्ही झाकण उघडले. इतिवृत्ताची रजिस्टरे फुगून उशा झाली होती. जयंतीच्या फोटोंचे अल्बम एकमेकांना चिकटले होते. तळाशी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत काही फ्लॉप्या आणि दोन सीडी निघाल्या. एका सीडीवर अवकाशयानाचे रंगीत चित्र होते. दुसरीवर आमच्याच अक्षरात स्केचपेनने लिहिले होते, 'आजी – महाड – १९९६'.

पत्रे चढवायचे, घरे सावरायची, त्यात आधीच टाळेबंदी. दोन्ही सीडी पुसून घरी नेल्या आणि विसरलो. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या पुतण्याने बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह आणला, तेव्हा त्या लावून पाहिल्या. खेळाची सीडी चालली. आजीची चालली नाही.

कौटुंबिक पानावर व्हिडिओ गेमचे पुराण कशाला, असे वाचक विचारतील. पण या दोन तबकड्यांची गोष्ट एकच आहे, आणि त्यात चूक आमची आहे. ती पहिल्यापासून सांगितलेली बरी.

१९९२ साली आम्ही तेरा वर्षांचे होतो. तालुक्याच्या एस.टी. स्टँडसमोर एका गाळ्यात व्हिडिओ गेमचे पार्लर निघाले. दाराला मळका पडदा, आत अंधार आणि चार यंत्रे. रुपयाचे नाणे टाकले की खेळ सुरू. वडील बर्फाच्या कारखान्यात हजेरीवर होते, तेव्हा आमच्या हाती रुपया येण्याचा मार्ग एकच. दर रविवारी विहारातल्या संस्कार वर्गाला जाताना दानपेटीत टाकायला आई रुपया देई. त्यातले किती रुपये पेटीत पडले आणि किती त्या यंत्रात, याचा हिशेब पुढे बी.कॉम. होऊनही आम्ही मांडलेला नाही.

चारांतले सर्वांत जुने यंत्र आमच्या वाट्याला येई, कारण मोठी मुले त्याला हात लावत नसत. काळ्या पडद्यावर वरून रांगा करून प्राणी उतरत, खाली आपली तोफ. डावीउजवीकडे सरकायचे आणि गोळ्या झाडायच्या. मधूनच अगदी वरून एक उडती तबकडी सूं करीत जाई. ती पाडली तर जादा गुण. या खेळाचे नाव 'स्पेस इन्व्हेडर्स' हे आम्हाला फार उशिरा कळले. जपानच्या ताइतो कंपनीत तोमोहिरो निशिकादो यांनी तो १९७८ साली तयार केला. त्यांना आधी माणसांवर गोळ्या झाडणारा खेळ करायचा होता, पण कंपनीला ते पसंत पडले नाही. म्हणून परग्रहावरचे प्राणी आले, आणि त्यांना आकार दिले ते ऑक्टोपस, माकूळ आणि खेकड्याचे. म्हणजे अकरा-अकराच्या पाच रांगांत मिळून ५५ जलचर! आम्हा किनाऱ्याच्या पोरांना तो खेळ इतका जवळचा का वाटला असेल, त्याचे उत्तर बहुधा इथेच आहे.

या खेळाची एक गंमत हिशेबाच्या माणसाने ऐकावी अशी आहे. सुरुवातीला ते प्राणी रमतगमत चालतात. मारत जावे तसतसे उरलेले भराभर धावू लागतात आणि शेवटचा एकटा तर वाऱ्यासारखा पळतो. पाहणाऱ्याला वाटे, घाबरला! खरे कारण निराळे होते. त्या यंत्रातला 'मेंदू' दुबळा होता. पंचावन्न प्राणी हलवताना त्याची दमछाक होई. प्राणी कमी झाले की काम कमी, म्हणून उरलेल्यांचा वेग आपोआप वाढे. निशिकादोंच्या हे लक्षात आले आणि त्यांनी ते तसेच ठेवले, कारण खेळाला त्यानेच रंग चढत होता. कार्यालयात कारकुनांच्या जागा रिकाम्या राहिल्या की उरलेल्यांना असेच पळावे लागते, पण त्याला कोणी खेळ म्हणत नाही. असो.

तर एका रविवारी आम्ही तिघे पोरे त्या अंधारात उभे होतो. मागचा पडदा सरकला आणि आमच्या वाडीतली आजी आत आली. ती स्टँडच्या भिंतीला भाजीची पाटी घेऊन बसे. वर्गाच्या वेळी पोरे इकडे वळताना तिने पाहिली होती. आता कान पिळला जाणार म्हणून आम्ही आक्रसलो. ती मात्र पडद्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "चिंबोऱ्या मारता होय रे पोरांनो?" आमच्यातला एक धीट होता. तो म्हणाला, "आजी, त्या खऱ्या नाहीत, आकाशातल्या आहेत." त्यावर ती म्हणाली, "आकाशातल्या असल्या तरी रुपया खराच गेला ना!" पहिल्या शीलावर तिने व्याख्यान दिले नाही की आमच्या घरी काही सांगितले नाही. पुढच्या रविवारी मात्र ती स्वतः दानपेटीशेजारी येऊन बसली.

त्याच सुमारास मे महिन्यात, बुद्धपौर्णिमेला गावी येणाऱ्या मुंबईकरांबरोबर टीव्हीला जोडायचे खेळयंत्र आले. जपानच्या निन्तेन्दो कंपनीने १९८३ साली काढलेल्या यंत्राच्या या नकला, 'लिटल मास्टर' वगैरे नावांनी आपल्याकडे खपत. त्यात जी खोकी खुपसायची तिला आपण सगळे 'कॅसेट' म्हणत असू. खरे तर आत फीत नव्हतीच, चिप होती. वर लिहिलेले '९९,९९,९९९ खेळ' आणि आत मोजून पाच-सहा, तेच पुन्हापुन्हा! त्यात 'गॅलेक्सियन' असे. नाम्को कंपनीचा १९७९ सालचा हा खेळ. यातले शत्रू रांग सोडून सूर मारून अंगावर येत. बुद्धपौर्णिमेच्या दुपारी अख्ख्या वाडीची मुले एका टीव्हीपुढे, आणि बाहेर मंडपात वक्ते मुलांची वाट पाहत आहेत, असा प्रसंग आम्ही अनुभवला आहे. पुढे वक्त्याच्या खुर्चीत बसून तो दुसऱ्या बाजूनेही अनुभवला.

१९९६ च्या वर्षावासात आमच्या तरुण मंडळाने ठरवले की आजीच्या आठवणी टेप करायच्या. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी पाणी प्राशन केले, तेव्हा आजी आठेक वर्षांची होती. तिचे वडील वाडीतल्या आणखी काही जणांबरोबर पायी महाडला गेले होते. ती हे सारे वर्ग संपल्यावर सांगे, पण सलग असे कोणी ऐकलेले नव्हते. एका मुंबईकराचा टू-इन-वन आणि साठ मिनिटांची कोरी कॅसेट घेऊन आम्ही तीन संध्याकाळी बसलो. पावसाचा आवाज पत्र्यावर, म्हणून टेप तिच्या अगदी तोंडाशी धरला होता. दोन्ही बाजू भरल्या. १९९९ साली आजी कालकथित झाली.

पुढल्या वर्षी मुंबईकर मंडळाने विहाराला एक वापरलेला संगणक दिला. आम्ही बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो. दिवसा पंचायतीचा जमाखर्च त्यात चढवायचा, आणि रात्री 'एक्स-विंग'! 'स्टार वॉर्स' या १९७७ च्या चित्रपटावरून लुकासआर्ट्सने १९९३ साली काढलेला हा खेळ. यात तुम्ही पडद्याच्या तळाशी सरकणारी तोफ नसता, तर यानाच्या आत बसलेले असता. तारे अंगावर येतात आणि शत्रू पाठीमागेही असतो. आमच्याकडे तो फ्लॉप्यांवर होता. एका फ्लॉपीत १.४४ मेगाबाइट एवढाच माल मावे, म्हणून असा खेळ अनेक फ्लॉप्यांवर तुकड्यातुकड्याने मिळे. संगणक मागेल तशी एकेक आत सारायची. आपल्या खाऱ्या दमट हवेत त्यातल्या एकीला बुरशी लागली आणि संगणक बिघडून खेळ पुन्हा चढवायची वेळ आली तेव्हा गाडी तिथेच अडली.

रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरून आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. दुकानदार हसला. फ्लॉपीवरचे खेळ आता कोण ठेवतो? त्याने सीडी पुढे केली. तोच खेळ, १९९४ साली काढलेली संग्राहक आवृत्ती. नंतरचे दोन भाग त्यातच आणि पात्रे चक्क बोलतात! ६५० मेगाबाइट म्हणजे साडेचारशे फ्लॉप्या एका बारा सेंटिमीटरच्या चकाकत्या तबकडीवर. आम्ही ती उलटसुलट करून पाहिली. तिच्यात आमचा चेहरा दिसत होता. पण विहाराच्या संगणकाला सीडी ड्राइव्हच नव्हता.

ड्राइव्हचा विषय २००१ मध्ये पंचायतीच्या बैठकीत निघाला. जयंतीच्या शिलकीतून पैसे हवे होते. ज्येष्ठ मंडळींचा सवाल रास्त होता: बाबासाहेबांनी शिका म्हटले, ते हे शिकायला का? आमची मान खाली. आम्ही हिशेबाचे कारण पुढे केले, पण हिशेबाला सीडी लागत नाही हे सर्वांना ठाऊक होते. तेवढ्यात महिला मंडळातल्या एक ताई उठल्या. त्या म्हणाल्या, "पोरं खेळतात ते आम्हाला माहीत आहे. पण त्या खेळापायीच यांनी यंत्र उघडायला आणि दुरुस्त करायला शिकून घेतलंय. आणि त्या तबकडीवर गाणी मावतात म्हणे. मग आजीचं बोलणं मावणार नाही का?" या एका वाक्यावर ठराव मंजूर झाला. त्या वाक्याची जबाबदारी आमच्यावर आली.

त्या काळात तबकडीची मोहिनीच तशी होती. फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी १९८२ मध्ये ती बाजारात आणली तेव्हा ती गाण्यांसाठी होती. डिसेंबर १९९४ मध्ये सोनीने 'प्लेस्टेशन' काढले आणि खेळही तिच्यावर आले. चिपवाल्या 'कॅसेट'पेक्षा तबकडी कितीतरी स्वस्तात निघे आणि माल शेकडो पटींनी जास्त मावे. अडचण एकच, ती वाचायला वेळ लागे. चिपमधला खेळ बटण दाबताच सुरू होई. तबकडीवरून तो यंत्राच्या स्मृतीत उतरेपर्यंत मूल पडद्यापुढे ताटकळे. त्यावर नाम्को कंपनीने शोधलेला उपाय आम्हाला फार आवडतो. 'रिज रेसर' या त्यांच्या मोटारशर्यतीच्या खेळात, तबकडी वाचली जात असताना मुलांना 'गॅलेक्सियन' खेळायला मिळे. पंधरा वर्षांपूर्वी ज्याला लाकडी कपाटाएवढे यंत्र लागे तो खेळ आता दुसरा खेळ येईपर्यंत करमणूक म्हणून एका कोपऱ्यात मावला! या कल्पनेचे पेटंटही नाम्कोने घेतले. ते २०१५ साली संपले.

पुढे सीडीची डीव्हीडी झाली, ४.७ गिगाबाइटची. प्लेस्टेशनच्या २००० सालच्या दुसऱ्या यंत्रात ती आली, आणि २००६ सालच्या तिसऱ्यात ब्लू-रे, एका थराला २५ गिगाबाइट. तबकडीचा आकार तोच राहिला. वाचणाऱ्या लेसर किरणाची तरंगलांबी कमी होत गेली, म्हणजे लेखणीचे टोक बारीक होत गेले आणि त्याच पाटीवर जास्त अक्षरे मावू लागली. २०२० मध्ये निघालेल्या पाचव्या प्लेस्टेशनची एक आवृत्ती तर तबकडीची खाच नसलेलीच आहे.

परत आजीकडे येऊ. २००३ साली आम्हाला लिपिकाची नोकरी लागून काही महिने झाले होते. पगारातून एक काम करायचे ठरवले. अलिबागला एका सायबर कॅफेत टेपरेकॉर्डरची वायर संगणकाला जोडून आजीची कॅसेट उतरवली आणि दोन सीडी 'बर्न' केल्या. जयंतीच्या कार्यक्रमात त्यातली एक उंच धरून आम्ही भाषण केले: कॅसेट झिजते, तबकडीला सुई लागत नाही की फीत घासत नाही, नुसता प्रकाश लागतो, आजीचा आवाज आता शंभर वर्षे टिकेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक सीडी ट्रंकेत गेली, दुसरी आजीच्या नातवाला दिली.

आणि कॅसेट? ती आता जुनी झाली असे आम्ही समजलो. त्या वर्षी गाण्याच्या तालमीला कोरी कॅसेट मिळाली नाही, तेव्हा आजीच्या कॅसेटची दुसरी बाजू लावून आम्हीच लाल बटण दाबले.

भाषणात जे आम्ही सांगितले ते निम्मे खरे होते. कारखान्यात छापलेल्या सीडीवर मजकूर खड्ड्यांच्या रूपाने प्लॅस्टिकवर ठसवलेला असतो आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो. घरी 'बर्न' करायच्या सीडीत असे खड्डे नसतात. तिच्यात एका रंगद्रव्याचा थर असतो, तो लेसरने भाजून मजकूर लिहितात. उष्णता, ऊन आणि दमटपणा यांनी ते रंगद्रव्य खराब होते, आणि वरचे लाखेचे आवरण खरवडले तर आतला चकचकीत थरही जातो. मध्य अमेरिकेतल्या बेलीझ या दमट देशात बुरशीने चक्क एक सीडी खाल्ल्याचे २००१ साली शास्त्रज्ञांनी नोंदवले आहे. म्हणजे आम्ही भाषण ठोकण्यापूर्वी दोन वर्षे! खेळाची सीडी छापील होती, म्हणून ट्रंकेतून तगली. आजीची 'बर्न' केलेली. तिच्या कडेने बुरशीची नक्षी चढली होती आणि पापुद्रा सुटला होता. नातवाच्या रिक्षात आरशाजवळ दुसरी सीडी कित्येक वर्षे शोभेला लटकत होती. उन्हात ती फिकट झाली आणि रिक्षा विकली तेव्हा तिच्याबरोबरच गेली.

त्याला दोष कसा देणार? तेव्हा सीडीचे कोणाला काही वाटेनासे झाले होते. नोएडाच्या मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली होती. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर कॅसेटच्या जागी सीडीचे ढीग, मग शंभर-शंभर गाण्यांच्या एमपी-३, मग पेनड्राइव्ह. फ्लॉपीपासून सीडीपर्यंत सारे बनवणारी ती मोझर बेअरही २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली.

इथे एक गोष्ट मनाला लागते. 'एक्स-विंग' आमच्या मुलीच्या लॅपटॉपवर चालला तो 'डॉसबॉक्स' नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमुळे. हौशी लोकांनी ते २००२ पासून फुकट वाटले आहे, का तर जुने खेळ मरू नयेत. त्याआधी १९९७ मध्ये इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी पार्लरमधल्या यंत्रांसाठी 'मेम' नावाचे असेच काम सुरू केले, त्यात जगभरच्या लोकांनी भर घातली. स्टँडसमोरच्या गाळ्यातला तो रुपयाचा खेळ आज कुठेही जसाच्या तसा बघता येतो, शेवटची चिंबोरी पळते ती तशीच पळते. जगाने तो जपला, कारण त्याच्या प्रती हजारो होत्या आणि जपणारेही हजारो. आजीची प्रत जपायला आम्ही होतो.

गेल्या फेब्रुवारीत कॅसेट सापडली. आमच्या बहिणीच्या माळ्यावर, हार्मोनियमच्या पेटीत, तांदळाच्या पोत्याशेजारी. कोरडी होती. मुलगी म्हणाली, "बाबा, लगेच लावू नका." आम्ही हात मागे घेतला. तिने पेन्सिल घालून ती हळूहळू पुढे आणि मग मागे गुंडाळली, दोन ठिकाणी चिकटलेली फीत सुटी केली. शेजाऱ्यांच्या टेपरेकॉर्डरचे हेड स्पिरिटने पुसले. मग बटण दाबले.

आधी पाऊस. मग आमचाच सतरा वर्षांचा चिरका आवाज, "आजी, बोला." आणि मग ती. पहिली बाजू पूर्ण आहे, अठ्ठावीस मिनिटे. वडील कसे निघाले, सोबत कोणकोण, आईने फडक्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट कशी बांधली, आजी वेशीपर्यंत मागे गेली आणि तिला परत पाठवले. "बाबा म्हणाला, पाणी प्यायला चाललोय. मी म्हटलं, घरात आहे ना. तो नुसता हसला." तिथे बाजू संपते. घरातली सारी त्या यंत्राकडे बघत बसली. मुलीने विचारले, "पुढे?" पुढे दुसरी बाजू. तिच्यावर २००३ सालची आमची तालीम आहे, ढोलकीसकट.

वडील परत कसे आले, हे त्या बाजूवर होते. तळ्यावरून परतणाऱ्या आपल्या लोकांवर त्या दिवशी हल्ला झाला हे इतिहासात आहे. आजीच्या वडिलांचे डोके फुटले होते असे आम्हाला आठवते. मंडळातला आमचा मित्र म्हणतो, डोके नाही, हात. आईने "पाणी कसं होतं?" विचारल्यावर ते काय म्हणाले, यावर तर आमचे मुळीच एकमत होत नाही. त्याच्या मते ते म्हणाले, "गोड." आम्हाला आठवते, "आपल्याच विहिरीसारखं." ऐकणारे आम्ही तिघे होतो आणि तिसरा आता नाही.

पहिली बाजू मुलीने उतरवून घेतली आहे. ती आता आमच्या, पुतण्याच्या आणि महिला मंडळाच्या अध्यक्षा ताईंच्या फोनमध्ये, दोन पेनड्राइव्हवर आणि पंचायतीच्या ई-मेलमध्ये अशी सहा ठिकाणी आहे. शिवाय आजीच्या नातसुनेने ती ऐकून वहीत लिहून काढली.

एक विनंती. १९९७ च्या मे महिन्यात बुद्धपौर्णिमेला आलेल्या मुंबईकरांपैकी दोघांनी ही कॅसेट डबल डेकवर नक्कल करून नेली होती. एक घर तेव्हा वरळीला होते, दुसरे विक्रोळीला. पाठीवर निळ्या शाईत 'आजी' एवढेच लिहिलेले असेल, कदाचित तेही नसेल. आपल्या माळ्यावर, जुन्या गाण्यांच्या डब्यात अशी कॅसेट निघाली तर कृपया घरी लावून पाहू नका. या साप्ताहिकाच्या कार्यालयात आणून द्या किंवा तसे कळवा, आम्ही येऊन घेऊन जाऊ. आणि कोणाकडे चालू स्थितीतला टेपरेकॉर्डर असेल तर तोही महिनाभर उसना हवा आहे. शेजाऱ्यांच्या यंत्राचा पट्टा मागल्या आठवड्यात तुटला.